लंबकाची रांगोळी

तो देवासमोर उताणा पडला होता. हात छातीवर, डोळे छताला लागलेले, आणि पाय... पाय सरळ गाभाऱ्याकडे!

जळगावात, मेहरूणच्या आमच्या राममंदिरात भरदुपारी कोणी फिरकत नाही. बाहेर हस्ताचा पाऊस कोसळत होता, तलावाच्या बाजूने ओल्या शेवाळाचा वास येत होता. मी पेटी पुसायला म्हणून सभामंडपात आले, तर हे असं. माणूस गेला की काय!

"अहो," मी जरा लांबूनच म्हणाले, "पाय तरी वळवा. तो काही बोलायचा नाही, पण आबा बोलतील."

तो धडपडत उठला. शर्ट ओलाचिंब, चष्म्याच्या काचा धुरकटलेल्या. त्या पुसायला कोरडं काहीच नव्हतं त्याच्याकडे, म्हणून तसाच माझ्या दिशेने डोळे बारीक करून बघत राहिला.

"माफ करा. पावसाला थांबलो होतो. झोपलो नव्हतो मी... उंची मोजत होतो."

"झोपून?"

"ती हंडी बघा ना." वर सागवानी तुळईला टांगलेली काचेची हंडी वाऱ्याने हलत होती. "तिला एका झोक्याला किती वेळ लागतो ते मोजलं, की साखळीची लांबी निघते. त्यावरून तुळई वीस फुटांवर असणार."

"वीस फूट चार इंच," मी म्हणाले. "आबांना विचारलं असतं तर उभ्या उभ्या सांगितलं असतं त्यांनी. कपडे तरी खराब झाले नसते."

तो हसला. मोठ्याने नाही, पण असं की समोरच्यालाही हसावंच लागावं. मी पदराचं टोक पुढे केलं—चष्म्यासाठी हो! तेवढंच. आणि मग पेटीचा भाता उगाचच उघडझाप करत बसले.

त्याचं नाव लीलाधर. गाव शिंदखेडा. धुळ्याच्या एका कॉलेजात तासांवर नेमणूक होती, भौतिकशास्त्र शिकवायचा. मावशीकडे मेहरूणला आलेला. आणि मी मंजुळा, चुडामणबुवांची मुलगी. माझे आबा पंचक्रोशीत कीर्तनं करतात, त्यांच्या मागे पेटीवर मी असते आणि मृदंगावर झिपरूनाना. हे साल पंच्याण्णवचं. दसरा नुकताच झालेला, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण लागणार होतं.

त्या ग्रहणासाठीच त्याला आमची तुळई हवी होती.

"लंबक टांगायचाय, आबा," त्याने संध्याकाळी हात जोडून सांगितलं. "कॉलेजला सुट्टी आहे, आणि ग्रहणाच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली द्यायला कोणी तयार नाही. आणि एवढी उंचीही नाही तिथे."

झिपरूनाना मृदंगाला शाई लावत बसले होते. ते मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी मान वर केली. "पंधरा दिनपयले गणपतीनी दूध पेयं म्हनी रांगा लागन्यात. आते तू काय मोजशी रे भाऊ? सूर्यनं पानी?"

"नही नाना. ओढ मोजसू," लीलाधरही त्यांच्याच बोलीत उत्तरला, आणि नाना तिथेच अर्धे विरघळले.

मग त्याने समजावून सांगितलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून उंचावरून झुलणाऱ्या लंबकाची दिशा हळूहळू वळत जाते. आपल्या भागात तासाला साडेपाच अंश. हे ठरलेलं, यात बदल नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी परदेशातल्या एका माणसाने ग्रहणाच्या वेळी लंबक झुलवला, तर चंद्र सूर्याच्या आड येताच तो ठरल्यापेक्षा जास्त वळला. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेलं.

"आणि ते खरं असलं तर?" आबांनी विचारलं.

"तर गुरुत्वाकर्षण आपण शिकवतो तसं नाही, आबा. मग यानांचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल. मंगळाकडे निघालेलं यान इथे केसाएवढं चुकलं, तर तिथे पोचेपर्यंत हजारो मैल बाजूला गेलेलं असतं. त्याला परत कोण वळवणार? तिथे ना रस्ता, ना माणूस." तो थांबला. "उपग्रहांचं काम करणाऱ्या एका संस्थेतले मोठे शास्त्रज्ञ धुळ्याला व्याख्यानाला आले होते. त्यांनी सांगितलंय, ग्रहणातले आकडे पाठव. आमच्याकडे एक जागा आहे. पण आकडे स्वच्छ हवेत."

आबांनी डोळे मिटून घेतले. कीर्तनात नवा दृष्टांत सापडला की ते असेच डोळे मिटतात.

"काही लोक तर म्हणतात," लीलाधर पुढे बोलतच होता, "पृथ्वी ओढत नाहीच मुळी. चहूबाजूंनी अवकाशच आपल्याला ढकलतंय. पायाखालून येणारा धक्का तेवढा पृथ्वी अडवते, म्हणून आपण तिच्याकडे ढकलले जातो."

"म्हणजे ओढ नाहीच? नुसती ढकल?" आबा हसले. "टांगा तुमचा लंबक. देवाच्या घरात मोजायला बंदी नाही. पाय मात्र तिकडे करायचे नाहीत."

दर रविवारी तो धुळ्याहून पहिल्या बसने यायचा. पितळी कळशीत सायकलच्या दुकानातले छर्रे भरले, कळशीच्या बुडाला एक लांब सुई लावली, वर तुळईच्या हुकापासून पोलादी तार सोडली. खाली फरशीवर अंशांचं वर्तुळ आखलं. त्या वर्तुळाच्या कडेवर रांगोळीचा बारीक बांध घालायचा. लंबक झुलला की सुई त्या बांधाला खाच पाडते आणि कुठवर वळला ते दिसतं. बांध घालायचं काम माझं.

"एवढी सरळ कडा मला जन्मात जमली नसती," तो म्हणायचा.

"मी घालायची आणि तुमच्या कळशीने मोडायची! बायकोच्या रांगोळीवरूनही असेच चालाल तुम्ही."

"बायकोने अंश आखून घातली तर... जपून चालेन."

मी मान वर केली नाही. पण त्या दिवशी बांध एका जागी वाकडा झाला, आणि त्याने तो दाखवून दिला नाही.

कळशी बाजूला ओढून सुती दोऱ्याने खांबाला बांधायची आणि तो दोरा निरांजनाने जाळायचा, ही त्याची पद्धत. "हाताने सोडली की हाताचा धक्का तिच्यात राहतो. मग ती आपल्या मनाने झुलत नाही."

"माणसांनाही असंच सोडावं लागतं का हो, सर?"

"माणसं?" त्याने निरांजन दोऱ्याखाली धरलं. "माणसांचं... मला अजून कळलेलं नाही."

दोरा जळून तुटला. कळशी निघाली. शांत, संथ, एखाद्या वारकऱ्याच्या डोलण्यासारखी. आम्ही दोघं दोन बाजूंना उकिडवे बसून तिच्याकडे बघत होतो. ती एकदा त्याच्याजवळ जायची, एकदा माझ्याजवळ यायची.

वद्य एकादशीच्या कीर्तनाला तो मुद्दाम आला. आबांनी पूर्वरंगात त्याचंच सगळं घेतलं. "हा जीव देवाकडे जातो, तो कसा जातो? कोणी म्हणतं देव ओढतो. कोणी म्हणतं छे, संसार चहूबाजूंनी ढकलतो, आणि देवाची तेवढी सावली असते, म्हणून आपण त्या बाजूला सरकतो. मंडळी, मला विचाराल तर..." आबा थांबले. टाळ थांबले. "मला विचाराल तर पोचलेल्या माणसाने कधी हे विचारलेलंच नाही!" सभामंडप हसला, नानांची थाप पडली. मध्यंतरात बुक्का लावायला मी ताटली घेऊन फिरले. त्याच्यासमोर आले तेव्हा त्याने कपाळ पुढे केलं आणि हळूच विचारलं, "मी ओढला जातोय की ढकलला, हे मोजायचं यंत्र आहे का हो तुमच्याकडे?"

माझं बोट त्याच्या कपाळावर नको इतका वेळ राहिलं.

ग्रहणाचा दिवस उजाडला. पहाटे पाचलाच त्याने पहिला दोरा जाळला. दर अर्ध्या तासाला लंबक थांबवायचा, नवा बांध घालायचा, नवा दोरा जाळायचा. सव्वासातच्या पुढे ग्रहणाचा स्पर्श होता. गाभाऱ्याचं दार लावलं, बाहेरचीही दारं लावली, वारा नको म्हणून. खाली निरांजनाच्या उजेडात तो, आबा आणि नाना. वर, बायका बसून कीर्तन ऐकतात त्या सज्जात मी. तुळईचा हुक तिथून हाताच्या अंतरावर येतो. बांध घालण्यापुरती खाली उतरायचे, बाकी तार सरकली तर सांगायचं, एवढंच माझं काम. हातात माळ होती, जप चालू होता.

आमच्या घरात एक रीत आहे. ग्रहण लागलं की पाण्यात आणि लोणच्यात दर्भ ठेवतात तो सगळ्यांकडेच. पण आमच्याकडे तो वाद्यांवरही ठेवतात. वीणेच्या खुंटीला, मृदंगाच्या वादीला, पेटीच्या भात्याला एकेक काडी. ज्यातून नाम निघतं त्याला बाधा होऊ नये, म्हणून. मोक्ष झाला, ग्रहण सुटलं, की काढायची आणि पाण्यात सोडायची. लहानपणापासून हे माझ्याकडेच. त्या दिवशीही पहाटे सगळी वाद्यं करून झाली होती, आणि एक काडी माझ्या कमरेला उरली होती.

मी त्या तारेकडे बघत होते. ताणलेली, बारीक, वीणेच्या तारेसारखीच. तिच्या खाली त्याचं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं. वर झरोक्यातून सकाळचा उजेड येत होता. खालून तो म्हणाला, "स्पर्श झाला." आणि माझा हात आपसूक कमरेकडे गेला. लंबक दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबवलेला होता. मी हुकाशी, तारेच्या बेचक्यात, ती काडी गुंडाळून खोचली. रामाचं नाव घेतलं. मग झरोक्यातला उजेड पितळी झाला, राखी होत गेला, पाखरं गप्प झाली.

पावणेदहाच्या आत मोक्ष झाला. लंबक थांबताच मी काडी सोडवली, आणि अर्ध्या तासाची शेवटची फेरी संपल्यावर ती मुठीत घेऊन खाली उतरले.

लीलाधर फरशीवर गुडघे टेकून बसला होता. डोळ्यांत पाणी.

"नऊ," तो म्हणाला. "मंजुळा, तासाला नऊ अंश! पहाटे साडेपाच होते. स्पर्श झाला आणि नऊ सुरू झाले. मोक्ष झाला, आणि हे बघ, शेवटची खाच... पुन्हा साडेपाच." तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला होता, आणि त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "वारा नव्हता. हात नव्हता. सगळ्यात नाजूक जागा वरची. तार हुकातून सगळ्या बाजूंना सारखी मोकळी हवी, एका बाजूने केस जरी अडला तरी लंबक भरकटतो. पण वर तू होतीस. म्हणून वरची काळजीच नव्हती."

माझी मूठ मिटलेली होती. आत काडी टोचत होती.

आबा आंघोळीला गेले, नाना मृदंग बघायला गेले. तो पुढे सरकला. हळू आवाजात म्हणाला, "नेमणुकीचं पत्र आलं ना... की त्याच दिवशी आबांशी बोलायला येईन. येऊ?"

मी मान हलवली. हो म्हणून. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला दुसरं काहीही करता आलं नसतं.

ते अकरा दिवस कसे गेले, ते सांगता येत नाही. पाडवा गेला, भाऊबीज गेली. पेटीवर सूर चुकायला लागले. आबांनी एकदा फक्त वळून पाहिलं. ते काही विचारत नाहीत. वळून पाहतात आणि गात राहतात. मी ती काडी पाण्यात सोडली नव्हती, माळेच्या पिशवीत ठेवली होती. गप्प राहिले तर तो माझा होता. बोलले तर नऊचे साडेपाच होणार, जागा जाणार, पत्र येणार नाही, आणि तोही. यात माझ्याशिवाय कोणाला काय ठाऊक होतं? राम होता, समोर गाभाऱ्यात. पण तो तर काही बोलत नाही...

कार्तिक शुद्ध एकादशीला दुपारी तो आला. हातात टाइप केलेले कागद, लाखेच्या वासाचा मोठा लिफाफा.

"आज देवासमोर ठेवतो, उद्या रजिस्टर करतो," तो म्हणाला. किती आनंदात होता! "विचार कर मंजुळा. या सभामंडपातला आकडा त्यांच्या गणितात जाईल. उद्या एखादं यान निघेल, ते यावर भरवसा ठेवून निघेल."

आणि मला ते यान दिसलं. खरंच दिसलं. मिट्ट काळोखात एकटंच चाललेलं, जिथे असायला हवं तिथे नसलेलं. हजारो मैल बाजूला. कशामुळे? तर जळगावच्या एका मुलीने गवताची काडी खोचली, आणि नंतर तिला नवरा हवा होता म्हणून ती बोलली नाही.

"थांबा," मी म्हणाले.

माळेच्या पिशवीतून काडी काढून त्याच्या कागदांवर ठेवली. ती वाळून तपकिरी झाली होती, हुकाचा वळसा तिच्यात तसाच राहिला होता.

"ही हुकाला होती. स्पर्शाला मी बांधली... मोक्षाला सोडवली."

तो काडीकडे बघत राहिला. मग आलेखाकडे. स्पर्श. मोक्ष. दोन्हीकडे बरोबर तिथेच वाकलेली रेघ. चष्मा काढला, पुन्हा लावला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर फार बरं झालं असतं.

"रांगोळी आहे?" त्याने विचारलं.

"काय?"

"बांध घाल. पुन्हा करून बघू. आज ग्रहण नाही. तशीच बांध, त्याच जागी."

मी बांध घातला. कडा सरळ आली. सज्जात गेले, ताजी काडी तशीच गुंडाळून खोचली. खाली त्याने दोरा जाळला. दोघांच्या मध्ये कळशी झुलू लागली, आणि मी खाली येऊन माझ्या बाजूला बसले. एक तास. बाहेर बायका तुळशीवृंदावनं सारवत होत्या, ऊस घेऊन बैलगाड्या चालल्या होत्या.

तासाने त्याने खाच पाहिली. बराच वेळ पाहिली.

"नऊ," तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि बांधावर पडलं. रांगोळीत एक बारीक खळगा झाला. "ही खाच मोजू नका," मी कशीबशी म्हणाले.

तो हसला नाही. खिशातून पेन काढलं. टाइप केलेल्या शेवटच्या पानावर हाताने लिहू लागला, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेला, वर्गात वाचावं तसं. ग्रहणाचा परिणाम आढळला नाही. आढळलेला फरक तारेच्या आधाराशी बांधलेल्या दर्भाच्या काडीमुळे. ग्रहणाशिवाय पुन्हा पडताळून पाहिला. काडी सोबत जोडली आहे.

"तुमची जागा..." मी म्हणाले.

"स्वच्छ आकडे मागितले होते त्यांनी. हे स्वच्छ आहेत." पेन अजून हातातच होतं. "एक राहिलं. कशासाठी बांधलीस, ते लिहायचं राहिलं."

"ग्रहणाची बाधा होऊ नये म्हणून."

"यंत्राला?"

मी फरशीकडे बघत होते. कळशी अजून हलत होती, आता अगदी थोडी. एकदा त्याच्याकडे. एकदा माझ्याकडे.

"यंत्राला नाही," मी म्हणाले.

"मग कोणाला?"

"...तुम्हाला."

तो उठला, वर्तुळाला वळसा घालून माझ्या बाजूला आला, आणि खाली बसून पहिल्या खाचेवर बोट ठेवून ते कडेने शेवटच्या खाचेकडे सरकवत नेलं.

"इथपर्यंत पृथ्वीचे साडेपाच," तो म्हणाला. "आणि इथून इथे साडेतीन. हे साडेतीन चंद्राचे नाहीत, सूर्याचे नाहीत. हे तुझे आहेत, मंजुळा. कागदावर काडीचे लिहिलेत. पण मला ठाऊक आहेत कोणाचे."

तेवढ्यात आबा आणि नाना कीर्तनाची तयारी करायला आत आले. लीलाधर उठला. पत्राची वाट पाहायची होती ना त्याला? ती त्याने पाहिली नाही. कागद आबांच्या पुढे ठेवले, काडी दाखवली, झालेलं सगळं सांगितलं. नोकरी तासांवरची आहे हे सांगितलं, ही जागा आता बहुतेक मिळणार नाही हेही सांगितलं. आणि मग मला मागितलं.

आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. अकरा दिवसांनी ते माझ्याकडे पाहून हसले.

"किती फरक पडला म्हणालात?"

"साडेतीन अंश, आबा."

झिपरूनानांनी मृदंग गळ्यात अडकवला आणि एक खणखणीत थाप दिली. "साडेतीन? मंग बुवा, मुहूर्त काढानी गरजच नही!"

ती जागा त्याला मिळाली नाही. फेब्रुवारीत चार ओळींचं पत्र आलं. जागा भरली आहे, आणि आकडे जपून ठेवले आहेत. ते पत्र धुळ्याच्या आमच्या भाड्याच्या खोलीत आलं, आणि दार मी उघडलं. त्याने ते दोनदा वाचलं. मग बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"मला तुझ्याकडे कोणी ओढलं?" त्याने विचारलं.

"ओढलं नाही, ढकललं," मी म्हणाले.

आणि त्या संध्याकाळी मी उंबऱ्यासमोर रांगोळी घातली, तेव्हा तो बाहेर जाताना तिच्या कडेकडेने, अगदी जपून चालत गेला.